चार की पाच

"समितीचा सेक्रेटरी तूच ना?" असं विचारत सफूराआपाने एक कागद माझ्यासमोरच्या चहाच्या बशीवर ठेवला. शुक्रवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. कागदाचा कोपरा चहात भिजला.

"मीच. पण तू आधी बस तर."

"बसायला नाही आले. अर्ज द्यायला आले."

अर्ज मी लगेच ओळखला, कारण त्याचा नमुना मीच तयार केला होता. आठच दिवसांपूर्वी आमच्या वेळशेत मोहल्ल्याच्या जमातीने 'कुटुंब सलामती समिती' काढली होती. जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, दाऊदचाचा सरगुरोह हे जिल्ह्याच्या गावी एका मेळाव्याला गेले होते. मुसलमान घरं आतून खिळखिळी होत चालली आहेत, ती सावरायची तर शेजाऱ्याने शेजाऱ्याला हात द्यायला हवा, दीनाने, म्हणजे धर्माने, तेच शिकवलंय, असं तिथे त्यांच्या कानावर पडलं. गोष्ट खरीच होती. पण दाऊदचाचांनी तीस वर्षं जहाजावर भंडारखाना सांभाळलेला. कुठलीही चांगली वस्तू हाती आली की ती दीडशे माणसांना पुरेल एवढी करायची, ही त्यांची सवय. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो, म्हणून मला सचिव केलं. समाजशास्त्र शिकवणाऱ्याला समाज कळतो अशी जमातीची समजूत होती. मी ती दूर केली नाही, कारण तेव्हा माझीही तीच होती.

अर्ज खुल्याचा होता. खुला म्हणजे बायकोने मागितलेला काडीमोड. समितीकडे आलेला हा पहिला अर्ज, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा. नमुन्यात मी कारणाचे चार पर्याय दिले होते: सासर, व्यसन, परदेश, इतर. आपाने 'इतर'वर खूण केली होती. पुढची तपशिलाची जागा कोरी होती.

"आपा, इतर म्हणजे काय?"

"इतर म्हणजे इतर."

"समितीला कळायला नको?"

"समितीला कळलं तर मलाही सांगा," ती म्हणाली.

तिचा नवरा इलियास बामणे बारा वर्षं कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर होता. वर्षातून तीस दिवस घरी यायचा. आठ महिन्यांपूर्वी कंपनी बंद पडली आणि तो कायमचा परत आला. आल्यावर त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कपाटाच्या किल्ल्या खिशात ठेवायला सुरुवात केली. एवढंच. हात उगारत नव्हता, पीत नव्हता, पाचही वक्त नमाज मशिदीत.

"तीस दिवसांचा नवरा मी नीट सांभाळला, मुबीन," आपा म्हणाली. "बारा वर्षांत एकदा चुकले नाही. पण हा आता जातच नाही."

मी हसलो. तिने माझ्याकडे असं बघितलं की हसू चहाबरोबर गिळावं लागलं.

"घराचं छप्पर मी घातलं. वरच्या दोन खोल्या मी उभ्या राहून बांधून घेतल्या. आणि आता त्याच घरात मी विचारते, साखर काढू का?" एवढं बोलून ती उठली. बसली कधी होती, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी अर्ज घेऊन थेट दाऊदचाचांकडे गेलो. ते ओटीवर कोळंबी सोलत बसले होते. इलियास त्यांचा भाचा. अर्ज वाचून त्यांनी हात धुतले.

"हे बघ प्रोफेसर, दीनात याची रीत आहे. नवरा-बायकोत वाकडं आलं की एक पंच त्याच्याकडचा, एक तिच्याकडचा. त्याच्याकडून मी, तिच्याकडून तू. बोल, तुझं काय म्हणणं?"

"एकत्र राहावेत, असं."

"माझंही तेच. झालं." ते पुन्हा कोळंबीकडे वळले. पंचांचं दोन मिनिटांत एकमत झालं होतं. राहिलं होतं ते फक्त नवरा-बायकोचं. "आज जुम्म्यानंतर सभा आहेच. कुणाचं नाव घ्यायचं नाही. खैरूनखालाला बोलायला लावू. जुन्या काळी माणसं एकमेकांना कशी धरून राहायची ते ती सांगेल. दोघंही बसलेले असतील. मनं आपोआप पाघळतील."

बेत वाईट नव्हता. खैरूनखाला मोहल्ल्यातली सगळ्यात वडीलधारी बाई. निम्म्या मोहल्ल्याची बाळंतपणं तिच्या हातची. इलियासची आई तो दोन महिन्यांचा असताना वारली, तेव्हा खैरूनखालाने त्याला स्वतःच्या मुलाबरोबर अंगावर पाजून वाढवलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. इलियास तिला दूधमाँ म्हणायचा.

सभा मदरशाच्या हॉलमध्ये झाली. पुरुष पुढे, बायका पडद्यामागे, आणि माईक दोन्हीकडे फिरता. दाऊदचाचा बोलले, मी बोललो, माझ्या भाषणात दोघं झोपले. मग माईक पडद्यामागे गेला.

"आमच्या टायमाला समिती नव्हती," खैरूनखाला म्हणाली. लाउडस्पीकरमधून तिचा आवाज खाडीपर्यंत जात होता. "कुणाची आई आजारी पडली तर पोर उपाशी राहत नव्हतं. ज्या घरात दूध, त्या घरात पोर. हा इलियास सहा महिने माझ्या अंगावर होता. आणि ही सफूरा. हिच्या आईला कावीळ झाली, तिला रत्नागिरीला नेलं, तेव्हा ही बाय माझ्याकडेच. हिलाही मीच पाजली. कोण विचारायला बसलं होतं, हे पोर कुणाचं?"

"सुभानल्लाह," मागून कुणीतरी म्हणालं. तो एकच आवाज. नंतर हॉलमध्ये पंख्यांखेरीज काही ऐकू येईना.

एका बाईचं दूध प्यायलेली दोन मुलं आमच्यात भाऊ-बहीण होतात. त्यांचं लग्न होऊ शकत नाही, आणि झालं असलं तरी ते झालेलं नसतं. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इलियास आणि आपाच्या लग्नात खैरूनखाला मुंबईला लेकाकडे होती. परत आली तोवर अदीबा रांगायला लागली होती. आमची आई तेव्हा हयात नव्हती. खालाच्या हातून इतकी पोरं गेली होती की तिने कधी दोन आणि दोन जोडले नसावेत. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

आमचे इमाम मौलाना तौकीर, बिहारातल्या पूर्णियाचे, तरुण आणि अतिशय सज्जन माणूस. ते पांढरेफटक पडले होते. "सदर साहब," ते हलकेच म्हणाले, "सभा यहीं रोक दीजिए." माईक चालू होता. तेही खाडीपर्यंत गेलं.

पडद्यामागे खैरूनखालाचा आवाज आला, "काय झालं? मी काय वाईट बोलले?"

अर्ध्या तासात मौलानांच्या खोलीत आम्ही पाचसात जण दाटीवाटीने बसलो. मौलाना म्हणाले की अडीच वर्षांच्या आतल्या मुलाच्या पोटात एक घोट जरी गेला, तरी नातं लागलं. निकाह बातील, म्हणजे रद्दच. मुलगी अदीबा हलालच, तिच्यावर काही डाग नाही, कारण आईबापांना ठाऊक नव्हतं. पण दोघांनी आजपासून वेगळं व्हावं.

"थांबा, थांबा," दाऊदचाचा उभे राहिले. "तुम्ही हनफी पंथाचे. आम्ही कोकणातले शाफई. आमच्यात पाच वेळा लागतं. पाच वेळा पोटभर."

"जी, आपके यहाँ पाँच है," मौलानांनी मान्य केलं. "तो फिर, कितनी बार पिलाया था?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सचिव होतो.

खैरूनखालाला विचारायला माणूस धाडला, तर ती घाबरून खाटेवर आडवी झाली होती आणि कुणाशी बोलायला तयार नव्हती. शेवटी असं ठरलं की जिल्ह्याच्या गावचे काझीसाहेब, आमच्याच मजहबाचे, म्हणजे शाफई पंथाचे, त्यांना बुधवारी बोलवायचं. त्यांच्यासमोर खाला सांगेल. तोवर खबरदारी म्हणून इलियासने घर सोडायचं.

तो बॅग घेऊन माझ्याकडे आला. मी आईवडिलांच्या घरात एकटाच राहायचो. "दुसरीकडे जाऊ कुठे?" तो म्हणाला. "काल मेहुणा होतास. आज काय आहेस, ते मौलाना सांगतील."

मी आपाकडे गेलो. खरं सांगायचं तर मी चांगली बातमी घेऊन चाललोय अशा थाटात गेलो. खुल्याला नवऱ्याची संमती लागते, आणि इलियास ती देणार नाही असंच दिसत होतं. आता संमतीची गरजच उरली नव्हती. "आपा," मी म्हटलं, "तुला हवं होतं ते आयतंच झालं."

ती पापड वाळत घालत होती. तिने हातातला पापड खाली ठेवला.

"काय झालं आयतं?"

"म्हणजे मौलानांच्या हिशेबाने निकाह झालेलाच नाही. तू मोकळीच आहेस. पहिल्यापासून."

"म्हणजे बारा वर्षं मी कुणाची वाट बघत होते?"

तेवढ्यात अदीबा शाळेचं दप्तर घेऊन दारात उभी राहिली. नऊ वर्षांची पोर.

"मामू," तिने विचारलं, "अब्बा आता माझे मामू झाले का?"

आपाने पापडाची चादर चारी टोकांनी उचलली, सगळे ओले पापड एकमेकांना चिकटवून टाकले आणि आत निघून गेली. मी अदीबाला म्हटलं, "नाही. अब्बा अब्बाच राहतात." हे मौलानांनी सांगितलेलंच होतं, पण ते मुलीला सांगायचं कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मग मोहल्ला मदतीला धावला. समितीने आवाहनच केलं होतं तसं. आपाकडे सकाळी तीन घरांतून नाश्ता, दुपारी चार घरांतून जेवण, आणि प्रत्येक डब्याबरोबर एक बाई आणि तिचं मत. माझ्याकडेही इलियाससाठी डबे. मोहल्ल्याचे दोन पक्ष झाले, एक-घोटवाले आणि पाच-वेळवाले. चहाच्या टपरीवर लोक बोटं वर करून एकमेकांना सलाम करू लागले, कुणी एक, कुणी पाच. त्यात भर म्हणजे इतर म्हाताऱ्यांनाही आठवायला लागलं. सोमवारपर्यंत आणखी सहा जोडप्यांबद्दल कुजबुज सुरू झाली. लोकांनी आपापल्या नान्या-दाद्यांना हात जोडून सांगितलं, आता काही आठवू नका. घरं मजबूत करायला निघालेल्या समितीने चार दिवसांत सात घरं हलवली होती, आणि सचिव या नात्याने मला त्याचा अहवाल लिहायचा होता.

इलियास माझ्याकडे पाहुणा म्हणून राहिला आणि अत्यंत उत्तम पाहुणा निघाला. पांघरुणाची घडी घालायचा, ताट धुऊन ठेवायचा, पंखा लावायच्या आधी विचारायचा. मंगळवारी कॉलेजातून आलो तर माझ्या मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी होती.

"इलियासभाई, या घरात मी एकटा राहतो. मीठ कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

"मला नव्हतं," तो म्हणाला. "तिकडे असताना दर पत्रात मी विचारायचो, दाराला रंग कुठला दिलास, न्हाणीचं तोंड कुठल्या बाजूला केलंस. ती सगळं कळवायची. परत आलो तर सगळं करून झालेलं. एक काम माझ्यासाठी शिल्लक नाही. नुसतं बसून किती खाणार? म्हटलं, निदान डबे तरी."

"हे तिला सांगितलंत?"

"तिने विचारलं नाही."

"तुम्ही तिला काही विचारलंत?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कुवेतचा व्हिसा मागितलाय. "खाला किती सांगेल?" त्याने विचारलं. "तुला काय वाटतं?"

"तुम्हाला किती हवेत?"

"कमी," तो म्हणाला आणि तोंड धुवायला निघून गेला. तोंड धुवायला त्याला फार वेळ लागला.

बुधवारी काझीसाहेब दुपारच्या बसने आले. किरकोळ अंगाचे, दमेकरी गृहस्थ होते. मदरशाच्या हॉलमध्ये पुन्हा तीच मांडणी, पण या वेळी माईक काढून कपाटात कुलूपबंद केलेला. खैरूनखालाला दोन बायकांनी धरून आणलं. आपा तिच्या शेजारी पडद्यामागे बसली. इलियास पुढच्या रांगेत मान खाली घालून.

"खैरूनबी," काझीसाहेब म्हणाले, "अल्लाहला हाजिर मानून सांगा. सफूराला तुम्ही किती वेळा पाजलंत? अमकी वेळ, तमकी वेळ, अशा वेगवेगळ्या वेळा. घाई नाही."

पडद्यामागे खाला खाकरली.

"आठवायला लागेल," खालाचा आवाज आला. "त्या पोरीला घेऊन मला जरा आतल्या खोलीत बसू द्या. तिचं तोंड बघितल्याशिवाय मला आठवणार नाय."

काझीसाहेबांनी मान डोलावली. दोघी आत गेल्या. आम्ही वाट बघत बसलो. दाऊदचाचांच्या हातातली तसबीहची माळ इतकी वेगात चालली होती की मोजणं शक्यच नव्हतं. मौलाना तौकीर डोळे मिटून होते. मी कोरा कागद आणि पेन घेऊन तयार. माझी बहीण इलियासची बायको ठरणार की त्याची बहीण, ते लिहून घेण्यासाठी.

पाच मिनिटांनी पडदा हलला.

"चार," खाला म्हणाली.

"नक्की?"

"चार. तीन दिवस पोर माझ्याकडे होतं. पयल्या दिवशी दोनदा, मग एकदा, मग एकदा. नंतर तिची फूफी आली आणि गाईचं दूध पाजू लागली."

हॉलभर श्वास सुटल्याचा आवाज झाला. काझीसाहेबांनी दोन्ही हात वर केले. "चारने नातं लागत नाही. निकाह कायम आहे." मग दमाचा ठसका जाऊ दिला आणि म्हणाले, "आणि ऐका. खैरूनबींनी आठवत नाही म्हटलं असतं, तरी कायमच होता. शंकेवर घर मोडत नसतात. पण निकाह कायम आहे म्हणजे कैद कायम आहे, असंही नाही. बाईचा अर्ज आहे असं मी ऐकलं. तो तिचा हक्क आहे. त्याचं काय करायचं ते तिने ठरवावं."

मौलाना तौकीर उठले आणि काझीसाहेबांच्या गळ्यात पडले. "आपके मजहब का फ़ैसला है, मुबारक हो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. दाऊदचाचांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की समितीने पहिलं कुटुंब वाचवलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, म्हणून थोड्याच वाजल्या.

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर इलियास बॅग घेऊन घरी निघाला. मी बरोबर होतो. दार उघडंच होतं. तो उंबऱ्याशी थांबला आणि त्याने कडी वाजवली.

"कोण?" आतून आपा.

"मी. येऊ का?"

बारा वर्षं तो आला की मोहल्ला दारात गोळा व्हायचा, आणि गेल्या आठ महिन्यांत तो न विचारता आत-बाहेर करायचा. येऊ का, हे त्या घराने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"या," आपा म्हणाली. "चपला बाहेर काढा. आताच पुसलंय."

मी अर्जाचं विचारलं. ती म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे." परत दे म्हणाली नाही, पुढे पाठव म्हणाली नाही. आमच्या अहवालात मी लिहिलं, 'प्रकरण समेटाने मिटले.' ते कशाने मिटलं, किंबहुना मिटलं का, हे मला अजिबात कळलेलं नव्हतं. दाऊदचाचांच्या मते सभेने, मौलानांच्या मते दुआने, पाच-वेळवाल्यांच्या मते इमाम शाफईंमुळे. इलियासने पुढच्या वर्षी एसटी स्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान काढलं. तिथे तो खिळ्यांच्या चाळीस खणांवर चिठ्ठ्या लावून सुखाने बसतो. समिती दोन वर्षांनी बंद पडली. ती का बंद पडली, हेही कुणाला कळलं नाही.

गेल्या वर्षी खैरूनखाला गेली. नव्वदीच्या पुढची होती. दफन करून आम्ही परत आलो, तेव्हा आपा खालाच्या घरच्या बायकांना जेवायला वाढून अंगणात हात धूत होती. केस पांढरे झाले होते तिचे. मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि म्हटलं, "आपा, त्या दिवशी आतल्या खोलीत खालाला आठवलं कसं गं? एवढं नेमकं? पहिल्या दिवशी दोनदा, मग एकदा, मग एकदा."

"कुठे आठवलं?" आपाने पदराला हात पुसले. "आत जाऊन बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, बाय, मला काय बी आठवत नाय. भुकेलं पोर अंगावर घेताना कोण मोजतं? तू सांग, तुला त्याच्याबरोबर राहायचंय की जायचंय?"

"आणि?"

"आणि मी रडायला लागले. मुबीन, लग्न ठरताना कुणी विचारलं नाही, तो कुवेतला जाताना कुणी विचारलं नाही, परत येताना विचारलं नाही. तुम्ही एवढी समिती काढलीत. तूही नाही विचारलंस."

अंगणात बायका ताटं गोळा करत होत्या.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते. म्हटलं, खाला, मला ठाऊक नाही."

"मग?"

"मग ती म्हणाली, तर मी चार सांगते. पाच म्हटलं की दार बंद होतं, पुन्हा उघडत नाय. चारात तुला विचार करायला जागा राहते. जायचं असेल तेव्हा तू तुझ्या पायाने जा." आपाने पदर नीट केला. "आणि वर म्हणाली, खोटं असलं तर माझ्या डोक्यावर. मी आता जायचीच हाय, विचारतील तेव्हा बघून घेईन."

बिचारीला त्या खोटेपणाची गरजही नव्हती. आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, हे काझीसाहेबांनी सांगितलं होतं, पण नंतर. पंचवीस वर्षं ती ते एक ओझं उगाच वागवत राहिली असणार. मला ते आपाला सांगावंसं वाटलं, पण आपा तेव्हा तिथेच होती, तिनेही ऐकलंच होतं.

"मग, आपा," मी म्हटलं. पंचवीस वर्षं उशिरा का होईना, सचिवाला प्रश्न सुचला होता. "राहायचंय की जायचंय? ठरलं का काही?"

तिने रस्त्याकडे बघितलं. इलियासभाई कबरस्तानातून फावडं खांद्यावर घेऊन येत होते, वयामुळे जरा वाकून.

"विचार चाललाय," आपा म्हणाली. "तुम्हाला कसली घाई आहे?" आणि त्यांच्यासाठी ताट वाढायला आत गेली.